उत्तर घ्यायला येणारे बाबूजी

बदली होऊन त्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी दारातल्या पहिल्याच टेबलावर मला मराठी माणूस भेटला आणि मी उगाचच हरखून गेले. मी वर्ध्याकडची. रायपुरात येऊन बारा वर्षं झाली होती, तरी ऑफिसात मराठी कानावर पडलं की माहेरचं कोणी आल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, "नमस्कार. कसे आहात?" त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "उद्या सांगतो."

मला वाटलं, झालं, शिष्ट दिसतो हा माणूस. दिवसभर मी त्यांच्या वाटेला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेअकराला ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, काल तुम्ही विचारलं होतं." काय विचारलं होतं ते माझ्या लक्षातही नव्हतं. त्यांच्या होतं. मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगायला घेतलं. डावा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. झोप चारच तास, कारण शेजारच्यांनी नवीन इन्व्हर्टर बसवला आणि तो भिंतीतून गुणगुणत राहतो. गल्लीतलं कडुलिंबाचं झाड कापलं त्याचं वाईट वाटून राहिलं, आणि वाईट वाटतं म्हणून स्वतःचाच राग येतो, कारण त्या झाडाला आपण जन्मात कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. पण घरी टमाटरची चटणी दोन दिवस झाले फार चांगली होऊन राहिली आणि भूक मस्त आहे. "एकूण रुपयातले दहा आणे बरा आहे," असं म्हणून ते थांबले. दहा मिनिटं झाली होती, मी आपली फाइल उघडी धरून बसलेली. मग ते म्हणाले, "आता तुम्ही. आज नको, घाई नाही. उद्या येतो उत्तर घ्यायला."

पंडरीच्या कापडबाजारामागे आमचं ऑफिस. सरकारी आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. हे बाबूजी तिथल्या आवक-जावक शाखेत. शाखा कसली, एक टेबल, दोन जाड रजिस्टरं आणि तारखेचा शिक्का. बाहेरून आलेला प्रत्येक कागद त्यांच्या हातून आत जायचा आणि त्याचं उत्तर त्यांच्याच हातून बाहेर पडायचं. तीस वर्षं हेच केल्यामुळे असेल, आलेल्या प्रश्नाला उत्तर गेलंच पाहिजे आणि ते विचार केल्याशिवाय जाता कामा नये, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. घाईघाईने दिलेलं उत्तर त्यांना अपमानासारखं वाटायचं. स्टाफमधली छत्तीसगढी मंडळी त्यांना 'कलवाले बाबूजी' म्हणत, म्हणजे उद्यावाले. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

आता आपल्या गावात कोणी कोणाची चौकशी कशी करतं ते बघा. रायपुरात "और, बढिया?" असं विचारतात. म्हणजे प्रश्नातच उत्तर घालून देतात, समोरच्याला त्रास नको. समोरचा "बढिया" म्हणतो आणि दोघं आपापल्या रस्त्याने जातात. मोबाइल आल्यापासून तेवढंही बोलावं लागत नाही, अंगठा पाठवला की झालं. ऑफिसच्या ग्रुपवर कोणाचा वाढदिवस असला की बासष्ट केक येतात आणि प्रत्यक्ष भेटल्यावर त्याच माणसाला कोणी साधं अभिनंदनसुद्धा करत नाही. मी काही वेगळी नव्हते. माझ्याही बोटाला ते दोन जोडलेले हात बरोबर सापडायचे, न बघता.

बाबूजी ग्रुपवर होते, पण लिहीत कधीच नसत. फक्त वाचत. एकदा आमच्याच एका सहकाऱ्याने सकाळी मेसेज टाकला की तब्येत बरी नाही, आज येत नाही. खाली तीसेक जोडलेले हात आणि 'टेक केअर'. मीही एक टाकला. बाबूजींनी काही टाकलं नाही. दुपारी जेवणाच्या सुटीत स्कूटर काढून ते थेट त्याच्या घरी गेले. हा गडी शिडीवर चढून बैठकीला रंग देत होता, अंगावर बनियान आणि कानाला चुना. दिवाळी आठवड्यावर आलेली. बाबूजी खाली उभे राहून म्हणाले, "बरं नाही म्हणाले होते तुम्ही." तो बिचारा शिडीवरून उतरला, चहा केला आणि बाबूजींपुढे ठेवला. बाबूजींनी ऑफिसात एका शब्दाने सांगितलं नाही. हे सगळं आम्हाला त्या सहकाऱ्यानेच महिनाभराने सांगितलं. बाबूजी निघताना म्हणाले होते, "आजारी नाही तुम्ही, बरं झालं. मी रस्त्याने घाबरून राहिलो होतो." आणि ते खरंच घाबरले होते, असं तो म्हणाला. त्यानंतर त्या माणसाने खोटी सुटी घेतली नाही. घेतली असेल तर निदान ग्रुपवर लिहिलं नाही.

मोठ्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. नवे साहेब आले, आल्या आल्या सगळ्यांच्या टेबलांवरून फिरले, आणि यांच्यापाशी थांबून "कैसे हैं बाबूजी?" म्हणून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी साडेअकराला साहेबांची मीटिंग चालू होती. बाबूजी दार ढकलून आत गेले आणि म्हणाले, "सर, कल आपने पूछा था." पुढचे काही महिने साहेब मागच्या जिन्याने येत असत. मग एक दिवस कसे कोण जाणे समोरून आले, यांना केबिनमध्ये बोलावलं आणि अर्धा तास दार बंद. आत काय झालं ते बाबूजींनी कधीच सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी परोपरीने विचारून पाहिलं. "ते साहेबांचं आहे," एवढंच म्हणायचे.

पण उगाच त्यांना देवमाणूस करून ठेवायला नको. सरळ सांगते, ते कंटाळवाणे होते. आपली तब्येत सांगताना कोणी मध्ये बोललं तर रुसत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. त्यांना येताना पाहून मी दोन-तीनदा रिकामा फोन कानाला लावून बसले आहे. त्यांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकदा हसत म्हणाल्या होत्या की लग्नानंतर पहिल्या आठवड्यात यांनी विचारलं, "इथे कसं वाटून राहिलं?" आणि काकूंनी जे बोलायला सुरुवात केली ती अजून संपलेली नाही. चौबे कॉलोनीत त्यांचं घर. काकूंचा आवाज फाटकापर्यंत ऐकू यायचा.

त्यांच्या निरोपसमारंभाची गोष्ट अजूनही ऑफिसात सांगतात. हार, नारळ, शाल झाली, चार-पाच भाषणं झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या पोट्टीने माइक यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "बाबूजी, कैसा लग रहा है आज?" हे सवयीने म्हणाले, "कल बताता हूँ." सगळा हॉल हसला, कारण आता कसलं आलं कल. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सेवानिवृत्त बाबूजी पायऱ्या चढून आले, त्या पोट्टीच्या टेबलाशी उभे राहिले आणि त्यांनी तिला सांगितलं. सकाळी उठून शर्टाच्या खिशाला पेन लावलं आणि मग काढून ठेवलं, तिथपासून सगळं. ती पोट्टी नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली. मग परत येऊन आपलं काम करत बसली.

माझं जे झालं ते याच्या वर्षभर आधीचं.

होळीच्या आधी एक दिवस अंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. छातीत डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी. मी साबण धुतला, पुन्हा हात लावून पाहिला, ती होतीच. माझी सख्खी मावशी अशाच गाठीने गेली. तिनेही आधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तिच्या त्या न सांगण्यावर मी तेराव्याला किती तावातावाने बोलले होते ते मला आठवत होतं. तरी मी कोणालाच सांगितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. सांगितलं की ते खरं होईल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

नवरा मालगाडीचा ड्रायव्हर. ड्युटीवरून दिवसातून दोनदा त्याचा फोन यायचा. "ठीक ना?" मी म्हणायची, "ठीक." तो म्हणायचा, "बरं." मुलगी नुकती दहावीत गेलेली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि तेही कानातला इअरफोन न काढता. घरात सगळं सुरळीत चालू होतं. एक दिवस डबा खाता खाता मी फोनवर त्या गाठीबद्दल शोधलं आणि लगेच सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून फोन मला दवाखान्यांच्या जाहिराती दाखवायला लागला. मग केसांच्या टोपांच्या. म्हणजे माझ्या फोनला कळलं होतं आणि माझ्या नवऱ्याला नाही. असा दीड महिना मी काढला.

एका सोमवारी दारातून आत जाताना बाबूजींनी विचारलं, "कशा आहात ताई?" मी म्हटलं, "ठीक." ते म्हणाले, "हे तर सगळ्यांचंच उत्तर झालं. तुमचं उद्या घेऊन जातो."

मंगळवारी साडेअकराला आले. मी म्हटलं, पित्त झालं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हव, असेल. पण हे ते नाही. उद्या येतो." बुधवारी मी मुलीच्या दहावीच्या ट्यूशनचं सांगितलं. चांगलं लांबवून सांगितलं, त्यांना आवडेल असं. तेही त्यांनी पूर्ण ऐकलं आणि मान हलवून गेले. गुरुवारी ते समोर येऊन उभे राहिले तेव्हा माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी ओरडले, की तुम्हाला दुसरं काम नाही काय, तुम्ही कोण लागून गेले मला विचारणारे, घरी बायको आहे ना, तिला विचारत बसा. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. बाबूजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "चुकलं माझं. आता नाही येत." आणि हळूहळू चालत आपल्या टेबलावर जाऊन बसले.

शुक्रवारी साडेअकरा वाजले, ते आले नाहीत. पावणेबारा झाले. मी एकच ओळ चारदा टाइप केली आणि चारदा खोडली. आता विचारायला कोणी येणार नाही हे लक्षात आलं आणि मला एकदम इतकी भीती वाटली की अंघोळीच्या वेळी, त्या पहिल्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती. मी उठले आणि त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ते कागदांवर शिक्के मारत होते.

"एक गाठ आहे," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का बाजूला ठेवला. कुठे आहे ते विचारलं नाही. त्यांनी ते विचारलं नाही याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. "किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"कोणाले सांगितलं?"

"तुम्हाला."

मला वाटलं होतं ते आता धीराचं काही बोलतील, वयाने मोठे होते. ते म्हणाले, "मले यातलं काहीच समजत नाही ताई. मले भेव वाटून राहिलं. तुम्ही आत्ताच्या आत्ता जा." मग एक कोरा कागद ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने माझा सुटीचा अर्ज लिहिला, कारण 'घरगुती'. माझी सही घेतली, साहेबांची आणली, अर्जावर आवक क्रमांक टाकला, आणि काकूंना फोन लावला.

दवाखान्याच्या फाटकाशी काकू स्कूटी घेऊन माझ्या आधी पोचल्या होत्या. आमची तोवर फार तर दोनदा भेट झालेली. त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न, त्यातली लुगडी, केटरिंगवाल्याने पुऱ्या कशा वातड केल्या, हे सोनोग्राफीच्या रांगेत त्या सलग दोन तास सांगत राहिल्या आणि मध्ये मध्ये माझा हात दाबत राहिल्या. आजही मला त्या लग्नाचा सगळा जेवणाचा बेत पाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासायला पाठवलं आणि आठवड्याने या म्हणाल्या.

त्या आठवड्यात बाबूजींनी मला एकदाही काही विचारलं नाही. मी दारातून आत यायची, ते मान खाली घालून रजिस्टरात बघत असायचे. बुधवारी मला त्याचाही राग आला. मी मुद्दाम जाऊन म्हटलं, आता काहून विचारून नाही राहिले? ते म्हणाले, "जे उत्तर तुमच्याजवळच नाही, ते कसं मागू?"

रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. साधी गाठ निघाली. काही करायचं नाही, सहा महिन्यांनी दाखवून जा, इतकंच. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटची फाइल उघडतसुद्धा होत्या आणि मी तिथेच खुर्चीत बसून होते. त्यांना मला उठा म्हणून सांगावं लागलं. बाहेर येऊन मी गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर उभी राहिले आणि एकामागून एक गुपचुप खाल्ले, तिखट, आणि रडत होते. ठेलेवाला म्हणाला, "दीदी, मिर्ची कम कर दूँ?" मी म्हटलं, नको भैया, असंच दे. उन्हं चांगलीच तापली होती, समोरून सिटीबस गेली, कोणीतरी कोणालातरी शिव्या देत होतं, आणि मला ते सगळंच इतकं छान वाटत होतं की काय सांगू.

तिथून मी ऑफिसात गेले. रिपोर्टचा कागद बाबूजींपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, इंग्रजी होता तरी बोट फिरवून वाचला. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "आज जेवीन नीट." मग विचारलं, "घरी सांगितलं?"

मी म्हटलं, आता कशाला, काही निघालंच नाही ना.

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "आता भेव नाही. आता सांगता येईल."

रविवारी दुपारी नवरा घरी होता. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेलेली. आम्ही दोघं जेवायला बसलो आणि मी सांगितलं. शेवट आधी सांगितला, म्हणजे त्याला धसका बसू नये, आणि मग बाकीचं. गाठ, मावशी, दीड महिना, फोनवरच्या जाहिराती, सुई. तो ऐकत होता आणि त्याचा हात भातातच वाळून गेला. शेवटी म्हणाला, "तू मले सांगितलं काहून नाही?"

माझ्याजवळ भांडण तयार होतं. दोनदा फोन करता, "ठीक ना" म्हणता आणि माझं पुरतं ऐकायच्या आत ठेवून देता, हे सगळं ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी बोलले नाही. तो उठला, हात धुतला, परत येऊन ताटासमोर बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला की त्यालाही एक सांगायचं आहे. चार महिन्यांपूर्वी रेल्वेच्या डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. त्याला इंजिनवरून उतरवलं. आता तो स्टेशनजवळच्या ऑफिसात टेबलावर बसून दुसऱ्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या लिहितो. नोकरीला धोका नाही, पगारालाही नाही. फक्त गाडी नाही. अठरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या तोंडून घरात ते एक वाक्य निघत नव्हतं.

"रोज वाटे, आज तू विचारशील," तो म्हणाला. "चार महिन्यांत मी एक रात्र बाहेर नाही राहिलो. तुले दिसलं नाही काय?"

दिसलं होतं. रोज दिसत होतं. लग्न झाल्यापासून निम्म्या रात्री मी एकटीने काढल्या, दाराला दोन कड्या लावून. आणि आता तो रोज संध्याकाळी घरी होता, मुलीचं गणित घेत होता, माझ्या शेजारी झोपत होता. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते आणि विचारत नव्हते. विचारलं तर ते संपेल, असं वाटत होतं.

हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. मग त्याने माझं ताट जवळ ओढलं, गार झालेल्या वरणभातावर तूप वाढलं आणि ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवलं.

"सुई टोचली तेव्हा दुखलं काय तुले?"

"दुखलं," मी म्हटलं. "खूप दुखलं."